तलावाकाठी कॅम्पिंगची जागा कशी निवडायची? पैसे भरण्याआधी फोनवर करा ही 7 कामं



थंडी सुरू झाली की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकच प्रकारची रील फिरायला लागते. तलाव, मागे डोंगर, रंगीत तंबूंची रांग, शेकोटी, गिटार. खाली लिहिलेलं असतं, 'लेक टच कॅम्प, बुकिंगसाठी मेसेज करा'. आपण मेसेज करतो, ॲडव्हान्स पाठवतो आणि निघतो.

मीही असाच निघालो होतो. जागा होती भंडारदरा. त्या रात्री माझ्या मावसभावाला दम्याचा त्रास सुरू झाला आणि आमच्या पाच फोनपैकी एकालाही रेंज नव्हती. शेवट चांगला झाला, म्हणून आज हा लेख लिहू शकतोय. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा एक गोष्ट खूप टोचली. त्या रात्री जे जे अंगावर आलं, ते सगळं निघण्याआधी घरात बसून मोबाईलवर दिसलं असतं. मी बघितलंच नव्हतं.

आज आपण तेच बघणार आहोत. तलाव आणि डोंगर असलेल्या भागात कॅम्पची जागा फोनवरून कशी तपासायची, स्टेप बाय स्टेप. उदाहरण भंडारदऱ्याचं घेतलंय, पण हीच पद्धत पवना, मुळशी, वैतरणा कुठेही वापरता येईल. सगळं मिळून अर्धा तास लागतो.

आमचं नेमकं काय चुकलं?

आधी थोडक्यात किस्सा सांगतो, म्हणजे पुढच्या स्टेप्स का आहेत ते कळेल.

भंडारदरा अकोले तालुक्यात आहे. प्रवरा नदीवर 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर लेक. पाणीसाठा सुमारे 11 टीएमसी. एका बाजूला 1646 मीटर उंचीचं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला रतनगड. धरणाजवळचं मोठं गाव शेंडी. तिथून तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे. मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत तो पुन्हा शेंडीला येतो.

आम्ही नाशिकहून दुपारी उशिरा निघालो. पाठवलेली पिन होती धरणापाशी. तिथे पोहोचल्यावर फोन केला तर उत्तर आलं, "अरे नाही, तुम्ही समोरच्या काठाला या." समोरचा काठ डोळ्यांना दिसत होता. वाटलं, दहा मिनिटं. प्रत्यक्षात अंधारात, वळणांच्या रस्त्यावर तासाहून जास्त वेळ गेला. पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. जेवण मिळालं, शेकोटी पेटली आणि कॅम्पवाला बाईकवर बसून घरी निघून गेला. जाताना म्हणाला, "काही लागलं तर फोन करा." फोन करायला रेंज कुठे होती?

रात्री दीडच्या सुमाराला भावाला धाप लागली. शेकोटीचा धूर बराच वेळ अंगावर येत होता. इनहेलर होता, पण जवळजवळ संपलेला. गाडी अर्धा किलोमीटर वर उभी. एक मित्र धावत वरच्या वस्तीवर गेला आणि एका म्हाताऱ्या बाबांना उठवून आणलं. ते काही न विचारता आमच्या गाडीत बसले आणि रस्ता दाखवत राजूरपर्यंत आले. दवाखान्यात वाफ दिल्यावर तासाभरात भावाचा श्वास ताळ्यावर आला.

परत येताना मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नसता तर काय झालं असतं कुणास ठाऊक." ते एवढंच म्हणाले, "आरं पोरांनो, नवी जागा उजेडात बघायची आसती."

ते वाक्य डोक्यात बसलंय. आता प्रत्येक ट्रिपच्या आधी मी जागा उजेडात बघतो, म्हणजे फोनवर. आणि बघताना एकच प्रश्न समोर ठेवतो: रात्री दोन वाजता काही झालं तर इथून बाहेर कसं पडायचं? चला तर मग, स्टेप्सकडे वळूया.

1. फोटो कधीचा आहे ते शोधा

भंडारदरा सप्टेंबरमध्ये एक असतो आणि एप्रिलमध्ये वेगळाच. पावसाळ्यात धरण भरतं, नंतर शेतीसाठी आवर्तनं सुटतात आणि पाणी उतरत जातं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये तंबूच्या पायाशी असलेलं पाणी मे महिन्यात बरंच खाली गेलेलं असतं. मधे उरतो उघडा, मातकट पट्टा. रील मात्र वर्षभर तीच फिरते.

काय करायचं?

रीलचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो तीन वेगवेगळ्या कॅम्पच्या नावाने दिसला तर समजून जा की तो फोटो त्यांचा नाही.

मग गूगल मॅप्सवर त्या कॅम्पच्या रिव्ह्यूमध्ये जा आणि सॉर्ट करून 'न्यूएस्ट' निवडा. आपोआप वर दिसणारे रिव्ह्यू दोन-तीन वर्षांपूर्वीचेही असू शकतात. तुम्ही ज्या महिन्यात जाणार, त्या महिन्यातले रिव्ह्यू आणि लोकांनी टाकलेले फोटो बघा. मालकाने टाकलेले फोटो नंतर.

पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले रिव्ह्यू मी जास्त वाचत नाही. पहिल्यात 'मस्त जागा' एवढंच असतं, दुसऱ्यात राग. तीन स्टारवाला माणूस नेमकं सांगतो: रस्ता खराब, टॉयलेट लांब, रात्री कोणी नव्हतं. रिव्ह्यूच्या सर्चमध्ये 'नेटवर्क', 'रस्ता', 'रात्री' हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाकून बघा.

2. पिन खरी आहे का, आणि रस्ता किती आहे

आमची पहिली चूक इथे झाली. 'भंडारदरा' असं लिहिलेला कॅम्प तलावाच्या कुठल्याही काठाला असू शकतो.

कॅम्पवाल्याकडून तंबू जिथे लागतात त्या जागेचं लोकेशन मागा. गावाचं किंवा पार्किंगचं नको. मिळालेली पिन सॅटेलाइट व्ह्यूमध्ये उघडा. तिथे मोकळी जागा, शेड, पायवाट काही दिसतंय का? पिन पाण्याच्या मधोमध किंवा दाट झाडीत पडत असेल तर पुन्हा विचारा.

आता दोन अंतरं काढा. पहिलं सरळ रेषेतलं. पिनवर बोट दाबून धरा, खालचं कार्ड वर ओढा, 'मेझर डिस्टन्स' निवडा आणि नकाशा सरकवत जवळच्या मोठ्या गावापर्यंत जा. दुसरं अंतर रस्त्याचं, ते नेहमीप्रमाणे 'डायरेक्शन्स'मधून.

ही दोन अंतरं तलावाच्या भागात फार वेगळी येतात, कारण मधे पाणी असतं. शेंडीपासून रतनवाडी रस्त्याने साधारण 20 किलोमीटर आहे. घाटवळणं, अरुंद रस्ता आणि अंधार धरला तर हे 20 किलोमीटर शहरातल्यासारखे जात नाहीत. ॲप जो वेळ दाखवतं, त्यात मी अशा रस्त्यांसाठी निम्मा वेळ अजून धरतो.

अजून दोन अंतरं लिहून ठेवा: पार्किंगपासून तंबूपर्यंत पायी किती, आणि तंबूपासून जवळच्या दवाखान्यापर्यंत गाडीने किती. दुसरा आकडा बघून ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारा, "चालेल ना?" कुणाला दमा, फिट्स, मधुमेह, कसली ॲलर्जी असेल तर उत्तर बदलू शकतं. आमच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

3. पाण्याची रेषा ओळखा

ही स्टेप सगळ्यात कमी लोक करतात आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

धरणाचं पाणी नैसर्गिक तळ्यासारखं एका पातळीला थांबत नाही. भरलेलं असताना जिथपर्यंत पाणी येतं ती एक रेषा आणि आजचं पाणी ही दुसरी रेषा. दोघांच्या मधली जमीन दिसायला सपाट, मोकळी, तंबूसाठी एकदम भारी. पण ती खरं तर धरणाचाच तळ आहे. गावाकडे पाणी उतरल्यावर अशा जमिनीवर पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. नावातच गाळ आहे! वरून कोरडी दिसते, पण काठाजवळ पाय रुतू शकतो. आणि पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळ्यात घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला तर पाणी परत त्याच जमिनीवर चढतं. रतनवाडी-घाटघर हा भाग राज्यातल्या अतिपावसाच्या पट्ट्यात मोडतो. तुमच्या तंबूवर पाऊस नसतानाही वरच्या डोंगरात तो पडत असू शकतो.

मग ही रेषा फोनवर कशी बघायची?

गूगल मॅप्सचं सॅटेलाइट चित्र कुठल्या महिन्यातलं आहे ते तिथे लगेच कळत नाही. म्हणून ब्राउझरमध्ये 'कोपर्निकस ब्राउझर' उघडा. ही युरोपीय महासंघाच्या उपग्रह कार्यक्रमाची मोफत वेबसाइट आहे. त्यात सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं तारखेनुसार मिळतात. एकाच जागेचं नवीन चित्र साधारण 5 दिवसांनी येतं. सर्चमध्ये भंडारदरा टाका. एक तारीख ऑक्टोबरची निवडा, दुसरी मेची. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी भरलेली असतात, त्यांचा उपयोग नाही. दोन्ही चित्रांत तलावाचा आकार बघा. ऑक्टोबरमध्ये निळं आणि मेमध्ये तपकिरी दिसणारा जो पट्टा आहे, तोच धरणाचा तळ.

या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. त्यामुळे तंबू दिसणार नाहीत, पण पाण्याची कड व्यवस्थित कळते. गूगल अर्थमध्येही जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय आहे. जे सोपं वाटेल ते वापरा.

तुमची पिन त्या तपकिरी पट्ट्यात पडते का? मग कॅम्पवाल्याला सांगा, तंबू त्या रेषेच्या वर हवा. हिवाळ्यात पूर येणार नाही हे खरं, पण ओल, धुकं आणि गारवा तिथेच जास्त. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. काठापासून थोडं वर गेलात तर तंबू कमी ओला होतो आणि झोपही नीट लागते.

आणि हो, याच कारणामुळे अनोळखी धरणात पोहायला उतरू नका. खाली जुने बांध, विहिरी, झाडांचे बुंधे, गाळ असतो. काठावर गुडघ्याएवढं असलेलं पाणी दोन पावलांवर डोक्याच्या वर जाऊ शकतं. बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट अंगात, नुसतं बोटीत ठेवलेलं नाही.

4. उतार आणि ओढे बघा

गूगल मॅप्समध्ये लेयर्सच्या बटणातून 'टेरेन' चालू करा. डोंगराचे चढउतार सावलीत दिसायला लागतील. यापेक्षा स्पष्ट हवं असेल तर 'ऑर्गॅनिक मॅप्स' हे मोफत ॲप घ्या. यात समोच्च रेषा दिसतात आणि नकाशा डाउनलोड केला की इंटरनेटशिवाय चालतो.

समोच्च रेषा वाचणं अवघड नाही. एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीवर असतात. रेषा चिकटून आल्या म्हणजे तीव्र उतार. लांब लांब गेल्या म्हणजे सपाटी. आणि अनेक रेषा एकामागून एक डोंगराच्या दिशेने आत टोक काढत असतील, तर तिथे घळ किंवा ओढा आहे. हिवाळ्यात ओढा कोरडा असतो, छान वाळू असते, तंबू लावायचा मोह होतो. मे-जूनमध्ये तीच जागा पाण्याची वाट असते. ओढ्यात तंबू नाही, कधीच नाही.

चांगली जागा म्हणजे काय? पाण्याच्या भरतीच्या रेषेच्या वर, ओढ्यापासून बाजूला, कड्याच्या थेट खाली नाही, एकट्या उंच झाडाखाली नाही आणि अगदी उघड्या टेकडीच्या टोकावरही नाही. मध्यम उतारावरची छोटी सपाटी बेस्ट.

5. रेंज कुठे मिळेल?

मोबाईल टॉवरचे सिग्नल डोंगर ओलांडून नीट येत नाहीत. म्हणून एकाच गावात वरच्या वस्तीवर दोन काड्या आणि खाली तलावाकाठी शून्य, असं होतं. आमचं तेच झालं. रेंज वरच्या वस्तीजवळ होती, हे बाबांनी सांगितल्यावर कळलं.

आधी मोबाईल कंपन्यांच्या वेबसाइटवरचे कव्हरेज नकाशे बघा. पण ते नकाशे अंदाज देतात, खात्री नाही. खात्री कॅम्पवाल्याकडून घ्या, आणि प्रश्न नेमका विचारा. "रेंज येते का?" असं विचारलं की उत्तर नेहमी "येते की" असतं. "तंबूपाशी कुठल्या सिमला कॉल लागतो? नाही लागला तर किती वर जावं लागतं?" असं विचारा.

शक्य असेल तर ग्रुपमध्ये दोन-तीन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. तुमच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल, तर 112 हा इमर्जन्सी कॉल त्या नेटवर्कवरून लागू शकतो. स्क्रीनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसतं ते त्यासाठीच. पण कुठलाच टॉवर नसेल तर 112 सुद्धा लागत नाही. म्हणून जवळची रेंजची जागा कुठे, हे दिवसा माहीत करून घेणं हाच उपाय.

6. हवामान फक्त तापमानापुरतं बघू नका

फोनमधलं नेहमीचं वेदर ॲप '24 डिग्री, ढगाळ' एवढंच सांगतं. कॅम्पिंगसाठी दोन सरकारी ॲप ठेवा.

पहिलं 'मौसम', भारतीय हवामान विभागाचं. यात जिल्ह्यानुसार रंगांचे इशारे येतात: हिरवा, पिवळा, ऑरेंज, रेड. ऑरेंज किंवा रेड असेल तर ट्रिप पुढे ढकला. पैसे गेले तरी चालतील.

दुसरं 'दामिनी'. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेलं ॲप आहे. तुमच्या आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते दाखवतं. मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणाऱ्यांनी हे नक्की घ्या, कारण तेव्हाच दुपारनंतर वळीव येतो. फक्त लक्षात ठेवा, दोन्ही ॲप्सना इंटरनेट लागतं. म्हणजे रेंज असलेल्या शेवटच्या गावात थांबून एकदा बघून घ्यायचं.

रेंज नसेल तर साधा हिशोब. वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज साधारण 3 सेकंदांत 1 किलोमीटर जातो. 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच पाण्यापासून दूर व्हा आणि गाडीत किंवा पक्क्या घरात जा. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

7. कॉल करा, मग पैसे पाठवा

मेसेजवर सगळेच "येस सर, ऑल फॅसिलिटीज" म्हणतात. कॉल करा. मी हे प्रश्न नोट्समध्ये सेव्ह करून ठेवलेत, तुम्हीही करा:

"दादा, रात्रभर तिथे तुमचं कोण थांबतं?"
"तंबूपर्यंत गाडी येते का? नाही तर किती चालायचं?"
"जवळचा दवाखाना कुठला, आणि रात्री गाडीची सोय होते का?"
"टॉयलेट तंबूपासून किती लांब, तिथे लाईट आहे का?"
"जागा कुणाची आहे? खाजगी, की वनविभागाची परवानगी लागते?"
"पाऊस आला तर झोपायला पक्की शेड किंवा घर आहे का?"

शेवटचे दोन प्रश्न विसरू नका. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. अभयारण्याच्या हद्दीत कुठेही तंबू ठोकता येत नाही, आणि काजव्यांच्या दिवसांत वनविभाग वेगळे नियम लावतो. ज्याची जागा स्वतःची आहे आणि घर जवळ आहे, तो माणूस या सगळ्यांची उत्तरं पटापट देतो. जो फक्त कमिशनवर बुकिंग घेतो, तो अडखळतो. पाच मिनिटांच्या कॉलमध्ये फरक कळतो. मला तर हल्ली स्थानिक घरातली माणसं चालवतात तेच कॅम्प बरे वाटतात. झगमगाट कमी असतो, पण रात्री हाक मारली की कोणीतरी ओ देतं.

पैशांचं म्हणाल तर:

यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा. कॉलवरचा माणूस आणि ते नाव जुळत नसेल तर विचारा.

पूर्ण रक्कम आधी देऊ नका. थोडा ॲडव्हान्स, बाकी पोहोचल्यावर.

'रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका' असं कोणी म्हणालं तर थांबा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर कॉल करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

निघण्याआधी फोन तयार करा

जागा ठरली, आता फोनला कामाला लावूया.

ऑफलाइन मॅप: गूगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि घोटीपासून अकोल्यापर्यंतचा भाग डाउनलोड करा. यात गाडीचा रस्ता कळतो, पण चालण्याचा मार्ग आणि सॅटेलाइट चित्र मिळत नाही. म्हणून सॅटेलाइट व्ह्यूचा स्क्रीनशॉट वेगळा काढून ठेवा.

जीपीएस नेटशिवाय चालतं: बऱ्याच जणांना वाटतं रेंज गेली की लोकेशन गेलं. तसं नाहीये. फोन उपग्रहांकडून थेट सिग्नल घेतो. नेट नसेल तर पहिल्यांदा लोकेशन सापडायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. आकाश मोकळं असेल तिथे उभे राहा.

तंबूचे आकडे: पिनवर दिसणारे अक्षांश-रेखांश घरच्यांना साध्या एसएमएसने पाठवा. दशांश चिन्हानंतर चार आकडे असले तरी जागा 11 मीटरच्या आसपास नेमकी कळते. लिंक उघडायला नेट लागतं, आकडे फोनवर वाचूनही सांगता येतात.

बॅटरी: रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी पटकन उतरते. रात्री एअरप्लेन मोड लावा. त्यात जीपीएस चालू राहतं. थंडीत बॅटरी अजून लवकर संपते, म्हणून फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगच्या आत ठेवा. एक फोन पूर्ण चार्ज करून बंद ठेवायचा. त्याने फोटो काढायचे नाहीत, तो फक्त अडचणीसाठी.

कागद: हो, कागद. दवाखाना, कॅम्पवाला, घर, तिन्ही नंबर लिहून गाडीत ठेवा.

पोहोचल्यावर 10 मिनिटं फिरा

फोनने सगळं दाखवलं तरी शेवटी पाय लागतातच. सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी पोहोचा. सेल्फीच्या आधी एक चक्कर मारा. पाण्याची जुनी खूण कुठे आहे? भरल्या पाण्याने दगडांवर फिकट पट्टा सोडलेला असतो. गाडीपर्यंतची वाट अंधारात सापडेल का? रेंज कुठे येते? जवळचं घर कुठलं? त्या घरातल्या मावशींना किंवा काकांना नमस्कार करून या. त्याला ॲप नाही.

शेकोटी तंबूपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. आणि कितीही थंडी असली तरी निखारे किंवा शेगडी तंबूत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

आणि जागा पटली नाही तर? तर निघा. ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे. त्या दिवशी अंधारात पोहोचल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला होता, "इथे काहीच नाहीये रे, शेंडीला परत जाऊया का?" आम्ही बाकीच्यांनी त्याला गप्प केलं, कारण दोन हजार रुपये भरलेले होते. आज मला त्या दोन हजारांपेक्षा त्याला गप्प केल्याचं जास्त वाईट वाटतं.

मी आता कसं ठरवतो?

या हिवाळ्यात आम्ही परत भंडारदऱ्याला गेलो, भावाला घेऊनच. तीन पर्याय काढले होते. पहिला रतनवाडीच्या बाजूला, अमृतेश्वराचं देऊळ आणि रतनगड जवळ, सगळ्यात सुंदर, पण दवाखान्यापासून सगळ्यात लांब. दुसरा मुरशेतकडे, पाण्याच्या अगदी लगत, पण पिन थेट त्या तपकिरी पट्ट्यात. तिसरा शेंडीपासून जवळ, पाण्यापासून थोडा वर, फोटोत एवढा खास नाही. घराच्या अंगणाशेजारी चार तंबू, तंबूपाशी एका सिमला रेंज, गाडी दारात.

तिसरा घेतला. दोन नवे इनहेलर बॅगेत होते, लागले नाहीत. सकाळी रतनवाडीला जाऊन त्या बाबांना भेटलो. सोबत पेढे नेले होते. त्यांनी भावाकडे बघून विचारलं, "औंदा कुठं मुक्काम?" आम्ही सांगितलं. "बघून घेतली ना जागा?" भाऊ म्हणाला, "हो बाबा, आधीच बघितली."

मित्रांनो, पुढची रील आवडली की लगेच पैसे पाठवू नका. आधी हा अर्धा तास काढा. आणि ग्रुपमधल्या ज्याने ट्रिप ठरवलीये, त्याला हा लेख नक्की पाठवा. भेटूया पुढच्या लेखात. सांभाळून फिरा!